शुक्रवारची बॅटरी

१४ जून, शनिवार. आज घरातल्या सगळ्या बॅटऱ्या काढून बसले. पाऊस लागला की पेणला लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, म्हणून दर जूनमध्ये हे काम एकदा उरकते. जुने सेल काढायचे, गंजलेल्या स्प्रिंगा घासायच्या, नवे सेल घालायचे आणि ज्या त्या बॅटरीला तिच्या जागी ठेवायचं. एक उशाशी, एक मोरीच्या खुंटीला, एक दाराजवळ. एका बॅटरीत मात्र सेल घातले नाहीत. ती मोठी आहे, काळी, पुढची काच तडकलेली. ती पुसली आणि खणात परत ठेवली.

काम चालू असताना पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला ऑनलाइन बॅटरी मागवायची होती. हजार लुमेनची घेऊ की दोन हजारची, असं विचारत होती.

"कशासाठी?"

"घरात गं मावशी. लाइट गेल्यावर."

"मग मुंगी दिसेल एवढी पुरे."

ती हसली. तिला ती थट्टा वाटली. पण हे माप खरं आहे. ते माझं नाही, माझ्या रोह्याच्या घरमालकिणीचं आहे. तिचे शब्द असे: "तांब्यातल्या पाण्यात मुंगी दिसली पायजे, उशाशी विंचू दिसला पायजे, नि दारात उभ्या माणसाचं तोंड. चौथं काय बघायचंय गो तुला?"

ती आता नाही. असती तर भाचीला तिच्याशीच बोलायला लावलं असतं.

सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा रोह्याला मुलींना शिवण शिकवायची. रोज पेणहून गाडीने जाऊन-येऊन कंबर धरायला लागली, म्हणून आठवड्यापुरती तिची एक खोली घेतली होती. शनिवारी दुपारी घरी यायचं, सोमवारी सकाळी परत. तीन खोल्यांची कौलारू ओळ, पुढे सलग पडवी, मागे परस. एका टोकाला ती, मध्ये मी, दुसऱ्या टोकाला पल्लवी. पल्लवी हमरापूरकडची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टवर. तान्हं मूल घरात, तरी माहेरून लहान गणपती आणून त्यांचे डोळे रंगवायची. डोळे रंगवायला भरपूर उजेड लागतो, म्हणून सकाळी पडवीत बसायची. तेवढी एकच बाई जास्त उजेड मागते ते बरोबर, असं मालकीण म्हणे.

मालकीण इस्रायल. आमच्या भागात मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना असंच म्हणतात. एके काळी त्यांची पुष्कळ घरं होती. बहुतेक तिकडे, इस्रायल देशात, निघून गेली. तिचा मुलगाही गेला. तू का नाही गेलीस, असं कोणी विचारलं की ती म्हणे, "विमानात बटणं फार."

हे ती हसून म्हणत नसे. तिला बटणांची भीती होती. साधा पंखा लावायचा तरी पायाखाली लाकडी पाट घेई, चप्पल घाली, ओठातल्या ओठात प्रार्थना पुटपुटे आणि हाताच्या मागच्या बाजूने बटण ढकली. मग कानोसा घेत उभी राही. पंखा फिरू लागला की "गेला बाबा एकदाचा" म्हणून पाट उचली. जे संकट तिने टाळलं होतं, ते आम्हाला कोणालाच कधी दिसलं नाही. गडगडलं की ती भांडी पालथी घाली. परसात जाताना काठी आपटत जाई, न दिसलेल्या सापाला "सरक बाबा, मी म्हातारी हाय" असं सांगे. धाटावचा भोंगा वेळेवर वाजला तरी दचके, अवेळी वाजला तर पडवीत येऊन उभी राही. मुलाच्या देशातही हल्ल्याचे भोंगे वाजतात, हे तिने फोनवर ऐकलं होतं. "इकडं वाजला तरी माझाच, तिकडं वाजला तरी माझाच," म्हणे.

मला अशा माणसांचा कंटाळा येतो. भीती एकदा घरात शिरली की ती भाडं न देता राहते. पहिल्या महिन्यातच मी दुसरी खोली शोधायला लागले होते. न मिळाल्यामुळे राहिले, एवढंच.

शुक्रवार हा तिचा मोठा दिवस. सूर्य बुडायच्या आत अंघोळ, स्वयंपाक, थर्मासमध्ये चहा. मग तेलाचा दिवा लावायची, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणायची आणि शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत काही पेटवायची नाही, काही विझवायची नाही. चूल नाही, दिवा नाही, बटण नाही. धर्माने विसाव्याचा त्यांचा शनवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो.

"बटणाचं काय त्यात?" मी एकदा विचारलं. "तुमचा हा नियम झाला तेव्हा बटणं कुठे होती?"

"बटण म्हणजे आगच गो. फक्त भिंतीत लपून बसलेली."

दिवा तेल संपलं की शांत व्हायचा. त्यानंतर उरलेल्या रात्रीसाठी तिची बॅटरी होती. बोटभर लांबीची, पिवळट उजेडाची. दिव्याआधी ती पेटवून काचेच्या पेल्यात उभी करायची, पेला खिडकीत ठेवायचा. मग शनिवारच्या रात्रीपर्यंत त्या पेल्याला ती हात लावत नसे. पेल्याचा उजेड भिंतीवर ताटाएवढा पडे. तेवढ्यात ती उठायची, पाणी प्यायची, परत निजायची.

त्यामुळे बॅटरी किती लख्ख, हा प्रश्नच तिच्याकडे नव्हता. बॅटरी किती टिकते, हा होता. बाजारात तिच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. दुकानदाराची बॅटरी ती पदराखाली घेई, मान आत घाली आणि मला म्हणे, "शिवणबाय, सुई काढ." मी पदरात डोकं खुपसून सुईत दोरा ओवायचा. ओवला गेला तर बॅटरी फार मोठी. "शिवायचं थोडंच हाय मला अंधारात!" नुसती सुई दिसली, दोरा जाईना, की बॅटरी बरोबर.

दुकानदार हात जोडी. "मावशी, ही न्या. कुंडलिका नदीच्या पलीकडचं दिसंल."

"पलीकडं माझं काय हाय रे? माझी चप्पल दिसते का ते सांग."

तिच्या मुलाने तिकडून एक बॅटरी पाठवली होती. काळी, जाड, हातात दगडासारखी. पहिल्यांदा लावली तेव्हा समोरच्या आळीतल्या माडाच्या झावळ्या मोजता आल्या आणि तिथून कोणीतरी शिवी दिली. ती घाबरून घरात पळाली. दुसऱ्या दिवशी बॅटरी माझ्या हातात ठेवली. "घेऊन टाक. मोठ्या बॅटरीवाल्याला दुनिया दिसते, सवताचा पाय दिसत नाय. नि दुनियेला तो दिसतो." मला चांगली वस्तू मिळाली. मी ती उशाशी ठेवायला लागले.

शुक्रवारी तिच्या पेल्यातला उजेड कमी पडला तर ती मला काही करायला सांगत नसे. सांगणंही नियमात बसत नाही. पडवीत येऊन नुसती म्हणे, "आज अंधार फार हाय, बाय."

"लाइट लावून देऊ?"

"मी कुठं सांगितलं?"

"मग नको लावू?"

"ते पण मी कुठं सांगितलं?"

मी आत जाऊन लाइट लावायची. ती दुसरीकडे बघत उभी. त्यानंतर थर्मासमधला चहा देऊ करायची. सकाळचा चहा संध्याकाळी, कधी संध्याकाळचा दुसऱ्या सकाळी. मी कधीच घेतला नाही. शिळा चहा मला चालत नाही.

आता वासाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोह्यात वाऱ्यावर कधी कधी वास यायचा. कधी आंबूस, कधी सडलेल्या कोबीसारखा. त्याला "कंपनीचा वास" म्हणत. कुठल्या कंपनीचा, खरंच कंपनीचा की नाही, कोणी विचारत नसे. वास आला की एकच करायचं: खिडक्या-दारं लावून घ्यायची आणि वारा फिरेपर्यंत थांबायचं. एका घराची खिडकी आपटली की आळीभर खिडक्या आपटत जात. बायका भाजी ढवळता ढवळता हे करीत.

असाच जूनमधला शुक्रवार होता. पाऊस अजून लागला नव्हता, नुसता वारा. मालकिणीने दिवा लावला, प्रार्थना झाली आणि तेवढ्यात लाइट गेली. थोड्या वेळाने वास आला. पल्लवीची खिडकी लागल्याचा आवाज आला, मग माझी मी लावली, मग मालकिणीची लागली. सगळं नेहमीसारखं.

पण वास जाईना. उलट वाढत गेला. घामाने जीव नकोसा झाला तेव्हा मी मागच्या दोरीवरचे कपडे काढायला परसात गेले. साडी वाऱ्याने उडत होती. ती उडत होती धाटावच्या बाजूला. म्हणजे वारा खाडीकडून होता. आमच्याकडून कंपनीकडे जात होता.

मग हा वास कुठला?

साडी तशीच टाकली आणि ओळीच्या कडेने पुढे गेले. पल्लवीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले आणि वासाने घसाच धरला. खिडक्या बंद, दार बंद, आत मिट्ट काळोख. नवरा दुसऱ्या पाळीला गेलेला. मी दार बडवलं. "पल्लवी! अगं पल्लवी!" उत्तर नाही. मूल रडत असतं तर बरं वाटलं असतं. मूलही रडत नव्हतं.

ती मोठी काळी बॅटरी माझ्या हातातच होती. परसात उतरताना घेतली होती, बाहेर अजून थोडा उजेड होता म्हणून लावली नव्हती. फटीतून आत काय दिसतं ते बघावं म्हणून मी ती दाराच्या फटीला टेकवली आणि अंगठा बटणावर ठेवला.

मनगटावर काठी बसली. इतकी जोरात, की हात कोपरापर्यंत बधिर झाला. बॅटरी धोंड्यावर पडली, काच तडकली.

"बटण नको!" मालकीण ओरडली. माझी हाक ऐकून ती काठी टेकत आली होती. "बटण म्हणजे आग! गॅस हाय गो आत, गॅस!"

मला ते कळलं होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही. अंगठा बटणावर होता एवढं खरं. ती वळली आणि चालू लागली, जवळजवळ धावत. सापाला सरक म्हणायला ती त्या दिवशी विसरली. मी मागोमाग गेले. तिच्या खोलीत तेलाचा दिवा जळत होता. ती त्याच्यासमोर क्षणभर उभी राहिली. मग वाकून फुंकर मारली.

शुक्रवारचा दिवा तिने विझवलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या फुंकरीने मला जेवढी भीती वाटली, तेवढी वासानेही वाटली नव्हती. ही बाई हे करते, म्हणजे आपण मरू शकतो.

मग तिने खिडकीतला पेला उचलला. आत ती बोटभर बॅटरी जळत होती, सूर्यास्ताआधीपासून. "ही आधीच पेटलेली हाय," ती म्हणाली. "हिला बटण नाय लागत. ही घे. नि मेन पाड आधी."

"लाइट गेलीच आहे ना, मावशी."

"गेली हाय. येईल तेव्हा?"

तेव्हा माझ्या डोक्यात चित्र उभं राहिलं. पल्लवी लाइट गेली की बटणं बंद करत नसे. फ्रिज चालू, पंखा चालू, दिवा चालू. लाइट आली की सगळं एकदम धडकन सुरू होणार, त्या गॅसमध्ये. आणि लाइट कधीही येणार. रोज लाइट यावी म्हणून आम्ही पडवीत बसून महावितरणच्या नावाने बोटं मोडायचो. त्या संध्याकाळी मालकीण भिंतीला धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "देवा, आज लाइट देऊ नको. आज नको देऊ, देवा."

मेनचा बोर्ड पडवीच्या तिच्या टोकाला होता, उंचावर, जाळ्यांत. मी तिच्याच पाटावर चढले. ती पेला वर धरून उभी. त्या पिवळ्या उजेडात तीन खटके दिसले, कोळ्याचं जाळं दिसलं, मेनचा दांडा दिसला. आणखी काही दिसायची गरज नव्हती. दांडा गंजून घट्ट बसला होता. एका हाताने हलेना. दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा खाडकन खाली आला.

आणि आळीत पोरं ओरडली, "आली! आली!"

समोरची सगळी घरं उजळली. कुठे टीव्ही बोलायला लागला. आमची तीन घरं तेवढी काळी राहिली. मी पाटावरून उतरले ती सरळ खाली बसले. मालकिणीने काठीने डिवचलं. "बस मग. पोर आत हाय."

पल्लवीचं मागचं दार जुनं होतं. दोन लाथांत कडी निघाली. पुढचं दार, खिडक्या उघडायला आत जावंच लागणार होतं. गॅस जमिनीलगत बसतो म्हणतात, म्हणून पेला डोक्यावर धरला, नाकाला पदर लावला आणि गेले. ताटाएवढा उजेड माझ्याबरोबर चालत होता. त्यात आधी फळीवरचे गणपती आले, पांढरे, अजून डोळे न काढलेले, ओळीने माझ्याकडे तोंड करून. मी किंचाळले असते, पण श्वास धरला होता. मग शेगडी दिसली. मग सिलिंडरची नळी, उंदराने कुरतडलेली. रेग्युलेटर फिरवून बंद केला. पुढच्या खोलीत खाटेवर पल्लवी, कुशीत मूल. पुढचं दार उघडलं, खिडक्या ढकलल्या, मूल उचललं आणि पल्लवीला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं.

समोरून कोणीतरी येत होतं. "मावशी, तुमची का नाय आली? थांबा, बघतो." त्याच्या एका हातात मोबाइलचा उजेड, तोंडात पेटती विडी.

एरवी आवाज न चढवणारी मालकीण पडवीच्या कडेला उभी राहून गरजली, "तिथंच थांब! विडी टाक! पाय पुढं टाकलास तर टाळकं फोडीन!" तो जागच्या जागी थिजला. विडी त्याने गटारात टाकली आणि वर पाय दिला.

पडवीच्या वाऱ्यात मूल आधी खोकलं आणि मग रडायला लागलं. इतकं कर्कश रडणं मला त्याआधी आणि त्यानंतर कधी गोड वाटलं नाही. पल्लवी ओकली, मग भिंतीला टेकून बसली. "कंपनीचा वास आला म्हणून खिडक्या लावल्या," ती म्हणत होती. "डोकं चढलं म्हणून जरा पडले. काकी, मी फक्त जरा पडले होते."

आळीने रिक्षा बोलावली, दोघांना दवाखान्यात नेलं. नवरा तिथेच पोचला. निरोप आला की दोघंही ठीक आहेत. पल्लवीचं घर रात्रभर उघडं ठेवलं. मेन वर करायचं कोणी नाव काढलं नाही. तो पेला पडवीच्या कठड्यावर ठेवून आम्ही दोघी बसलो.

"दिवा विझवलात," मी म्हटलं.

"जिवाला शनवार नसतो. आमच्यात तसंच हाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण फुंकर मारली तेव्हा हात-पाय गार पडले गो."

"मला वाटलं तुम्हाला बटणाची भीती वाटते."

"वाटते ना. म्हणून तर तुझ्या हातावर काठी बसली." मग तिने माझं मनगट जवळ ओढून पेल्याच्या उजेडात बघितलं. चांगलं टरारून सुजलं होतं. "लय लागलं?"

"लागलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिथेच पाट उशाला घेऊन झोपली. ती घोरत होती. मी जागी होते. आळीत कुठे बटणाचा टक्‌ आवाज झाला तरी मी ताठ होऊन बसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं. नळी दोनदा बोटाने चाचपली, नाक लावून वास घेतला. काही नव्हतं. लायटर हातात घेतला. अंगठा त्याच्या खटक्यावर ठेवला आणि तसाच राहिला. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मग लायटर खाली ठेवला, आधणाचं पाणी ओतून दिलं आणि पडवीत आले. कठड्यावर उन्हात ती बोटभर बॅटरी अजून जळत होती. मालकीण बॅटरीकडे बघत होती, मी मालकिणीकडे. बंद करू का, असं मी विचारलं नाही. तिच्या शेजारी बसले आणि कप पुढे केला. तिने थर्मासमधला कालचा चहा ओतला. मी तो प्यायले.